न धुतलेले तुकडे

"डावीकडं दाब. आता उजवीकडून वर आली बघ," आई म्हणाली.

एरवी तिनं मला बाजूला सारून स्वतःच हात घातला असता. पण त्या दिवशी ती दोन्ही हात पाठीमागं बांधून चौकटीच्या पलीकडं उभी होती, कारण रत्नमालाकाकींनी तिला त्या कापडाला हात लावू दिला नव्हता.

चौकटीवर पसरलेला गोधडीचा वरचा पदर मध्येच फुगला होता, तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म. एका बाजूनं तळवा फिरवला की फुगवटा दुसऱ्या बाजूला सरकायचा. कडा मात्र ओढल्यासारख्या ताठ. मी ओणवी होऊन दाबत होते आणि माझं सातव्या महिन्याचं पोट चौकटीच्या पट्टीला टेकत होतं. त्यात तो वास. शाळेतून आलेल्या पोरांच्या बगलेचा, वाळलेल्या मुताचा, दूध उलटलेल्या लाळेऱ्याचा, आणि या सगळ्यावर डांबराच्या गोळ्यांचा. मी तोंडानं श्वास घेत होते, तर तो वास आता जिभेवर बसत होता.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये आईचं गोधड्यांचं काम चालायचं. बायका घरी तुकडे जोडून वरचा पदर आणायच्या. आम्ही त्याखाली भरण आणि अस्तर घालून, तिन्ही थर मोठ्या चौकटीवर ताणून, वरून मशीनचं डोकं दोन्ही हातांनी फिरवत टाके घालून द्यायचो. लग्नाआधी मी तेच करत होते, त्यामुळं नुसतं बसून राहण्यापेक्षा मला ते बरं वाटायचं. या कामाची अट एकच: पदर सपाट बसला पाहिजे. फुगवटा असेल तर मशीन तो पुढं पुढं ढकलत नेतं, शेवटी त्याची चुणी पडते आणि ती कायमची टाक्यांत अडकते.

"हे एकदा धुवावं लागेल, काकी," मी म्हणाले. "पाणी लागलं की कापड जागेवर येतं. मग गरम इस्त्री."

काकी हसल्या. गावात त्यांच्या घराला मान होता आणि त्यांना तो आवाज न चढवता मिळवायची सवय होती. परीटघडीचं पातळ, तोंडात वेलदोडा. त्या जवळ आल्या की त्या वासातसुद्धा वेलदोड्याची एक झुळूक यायची आणि मला ती जास्त नकोशी व्हायची.

"धुतलं की गुण जातो, बाळा."

मग त्यांनी समजावून सांगितलं, एखाद्या सोप्या रेसिपीसारखं. सूनबाईला दिवस गेलेत. ज्या घरांत मुलगेच आहेत, अशा घरांतून त्यांनी मुलांच्या अंगावरचे कपडे मागून आणलेत, अंगावरून काढले तसेच. त्यांची गोधडी करायची आणि सुनेला त्यावर झोपवायचं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत. त्यांच्या माहितीतल्या एका महाराजांनी सांगितलं होतं. अस्तराला त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांचं धोतर आणलं होतं, कारण त्यांना पाच मुलगे. पाणी नको, वाफ नको, आमच्याकडचं कसलंही कापड नको. आणि आईला दोन मुलीच, म्हणून आईचा हात नको.

"राग मानू नका हं, ताई," त्या आईला म्हणाल्या. "देवाधर्माचं आहे."

आई म्हणाली, राग कसला, माझा तेवढाच आराम. पण तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मला दिसत होते.

मग काकींनी विचारल्याशिवाय माझ्या पोटावर तळवा ठेवला. ठेवला म्हणजे चाचपलं, बाजारात फणस चाचपतात तसं. वरून खाली, मग बाजूंनी. आतलं बाळ आक्रसून एका कुशीला गेलं. मला तेव्हा तरी तसंच वाटलं.

"टोकदार आहे. मुलगाच," त्या म्हणाल्या. "हिच्याच हातून होऊ दे."

त्यांची सून वृषाली शेडच्या दाराशी उभी होती. पदर तिनंच शिवलेला होता. बारीक चणीची, माझ्याच वयाची, नजर सतत कुठंतरी खाली. तिची चारेक वर्षांची मुलगी मनू तिच्या मागून सुटून आली आणि चौकटीखाली शिरली. खालून तिला तो फुगवटा तंबूसारखा दिसला असावा. तिनं बोटानं त्याला ढोसलं, तो वर उसळला, आणि ती खिदळली. मला हसू आलं. पुढच्या क्षणी काकींनी वाकून तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि पाल उचलावी तसं तिला बाहेर काढलं.

"तू नाही हं, सोन्या. ते भैय्याचं आहे."

आवाज इतका गोड होता की मनूनं मान डोलावली. ती आपला हात दुसऱ्या हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली, काहीतरी सांडल्यावर मुलं उभी राहतात तशी.

निघताना वृषाली त्या दिवसातलं तिचं एकमेव वाक्य बोलली. "ताई, किती दिवस लागतील?"

तिचा चेहरा इतका ओढलेला होता की मला वाटलं, बिचारीला लवकर सुटायचंय यातून. मी म्हणाले, मधल्या दोन ओळी उसवून सरळ जोडून आणा, मग आठवड्यात देते. तिनं मान हलवली आणि पिशवी उचलली.

आठवड्यानं ती पदर घेऊन आली. मध्य आता बसला होता, पण चारी कडांना लाटा. साडीच्या निऱ्या उलगडून ठेवाव्यात तशा. मी वैतागले. तिला दाखवलं की तुकडा कापताना धाग्याच्या रेषेत कापायचा, तिरका कापला की तो हाताखाली ताणतो. तिरक्या कापाला आम्ही उरेब म्हणतो. गळ्याची पट्टी वळवायला उरेब हवाच, पण गोधडीत तो शत्रू. तिनं सगळं ऐकून घेतलं, विद्यार्थिनीसारखं. "चुकलंच माझं," म्हणाली, आणि पदर घेऊन परत गेली.

तिसऱ्या वेळी एक कोपराच वर आला होता, भाकरीची कड करपून वर येते तसा.

ती गेल्यावर मी आईला म्हणाले, काय बाई आहे, साधं सरळ कापता येत नाही. आई लांबूनच, हात मागं बांधून, पदराकडं बघत होती. तिला ती सवयच लागली होती आता.

"हात वाईट नाही तिचा," आई म्हणाली. "शिवण बघ ना. तांदळाच्या दाण्यासारखे टाके आहेत, एकसारखे."

"मग बसत का नाही?"

"तेच तर," ती म्हणाली आणि घरात गेली.

मी तिकडं लक्ष दिलं नाही. माझ्यातली कारागीर इरेला पेटली होती. आजवर आमच्या चौकटीवर न बसलेला पदर नव्हता. मी काकींना निरोप पाठवला की आता हे परत न्यायचं नाही, मीच बसवते. नाकाला ओढणी बांधून मी कामाला लागले. न धुता, न वाफवता कापड बसवणं म्हणजे न बोलता माणसाची समजूत घालण्यासारखं. मी कडेच्या ओळी उसवल्या, ताणलेले तुकडे पालथे घालून, वर वजनं ठेवून सोडले. जिथं जास्तीचं कापड होतं तिथं बोटाच्या पेराएवढे टाके घालून ते आत जिरवलं. रोज दोन वेळा बाहेर जाऊन ओकून यायचे. एका हाफ चड्डीच्या खिशात बोरांच्या बिया निघाल्या, एका बंडीला शेंबूड पुसलेला कडक पट्टा होता. त्या मुलांचा काही दोष नव्हता. ती पोरं खेळली होती, घामेजली होती, बोरं खाल्ली होती. त्यांच्या अंगावरचं कुणीतरी दुसऱ्याच हिशोबानं सोलून नेलं होतं, आणि ते माझ्या बोटांना लागत होतं.

शेवटी पदर बसला. अगदी मधोमध तळहाताएवढा उंचवटा राहिला, तेवढाच. त्या जागी एक जुनं, मऊसूत झबलं होतं, विरलेल्या मलमलचं. बाकी सगळं सतरंजीसारखं सपाट. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. मी तिन्ही थर चौकटीच्या रुळांवर चढवले, दोरा ओवला आणि काकींना बोलावणं धाडलं, कारण पहिला टाका त्यांच्यासमोर घालायचा होता.

त्या सकाळीच आल्या. वृषाली आणि मनू बरोबर होत्या. काकींनी चौकटीभोवती एक फेरी मारली, माझ्या तळहातावर खडीसाखर ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मी वृषालीकडं बघितलं, म्हटलं, आता तरी हसेल. ती पदराकडं बघत होती. एखाद्याचं घर जळाल्यावर माणूस जसा नुसता उभा राहतो तशी. तिनं एक हात मागं नेला आणि मनूचं डोकं स्वतःच्या मांडीला घट्ट धरलं.

"गुरुवारपर्यंत झाली पाहिजे," काकी म्हणाल्या. "परवा तेरवा पौर्णिमा. महिनाभर झोपवायचं म्हणत होते, पण तुमच्यात वेळ गेला. महाराज म्हणाले, आता एक रात्र झोपली तरी चालेल. शुक्रवारी गाडी सांगितलीय."

मी विचारलं, गाडी कुठं.

"पलीकडं." त्यांनी हनुवटीनं दक्षिणेकडं, सीमेकडं दाखवलं. "बघून यायचं. आधी गोधडी, मग गाडी. देवाला आधी संधी द्यायची, मग आपण बघायचं. नाही मानलं देवानं तर तिथंच मोकळं करतात. संध्याकाळी घरी."

त्या हे खडीसाखरेची पुडी बांधता बांधता सांगत होत्या. दोरा दातांत धरून त्यांनी गाठ मारली.

"मागच्या साली झालीय की एकदा. काही होत नाही. दोन दिवस पेज खाल्ली, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाला उभी. होय की नाही गं?"

वृषालीनं मान हलवली. तशीच, जशी मनूनं हलवली होती.

तोंडात टाकलेली खडीसाखर जिभेवर विरघळत होती. हात चौकटीवर टेकले होते, बोटांखाली एका निळ्या शर्टाच्या तुकड्याची कड होती. मी ती कड बघितली. मग तिच्या शेजारची. मग पुढची. सगळ्या उरेब. आणि उरेबसुद्धा कसा, बरोबर कोपऱ्यातून कोपऱ्यात, एका केसाचा फरक नाही. नवशिक्या बाईचा काप तिरका गेला तर एकदा थोडा जातो, एकदा फार. इतका नेमका उरेब कापायला वर्षांचा हात लागतो. पहिल्यांदा मध्य फुगवायला तिनं मऊ कापडं मध्ये घातली होती. दुसऱ्यांदा कडा उरेब केल्या. तिसऱ्यांदा कोपरा. आणि दर वेळी तिनं माझी शिकवणी मान खाली घालून ऐकली होती, पदर परत नेला होता, आणि तो परत नेला की तिला आठवडा मिळत होता. पाचवा महिना सरला की ते पलीकडचे लोकही हात लावत नाहीत, एवढं मला ऐकून माहीत होतं.

तिनं अडवून धरलेली वाट मीच मोकळी करून दिली होती. नाकाला ओढणी बांधून, जीव ओतून.

"एवढंच राहिलंय का?" काकींनी मधल्या उंचवट्याकडं बोट दाखवलं. "ते कशानं?"

कशानं ते मला पक्कं ठाऊक होतं. मलमल सैल असते, शेजारचं टेरिकॉट ताठ असतं. दोन चिमटे घेतले असते की संपलं. पण मी ते झबलं बघत होते, आणि तोंडातलं साखरेचं पाणी कडू झालं होतं.

"काकी, हे मधलं कुणाकडचं?"

"ते होय?" त्यांचा चेहरा खुलला. "ते आमच्याच घरचं. माझ्या अविनाशचं पहिलं झबलं. तीस वर्षं जपून ठेवलंय. मानाचं म्हणून मध्ये घ्यायला लावलं."

"म्हणजे वृषालीवहिनींच्या मिस्टरांचं."

"हो. मुलगाच ना तो."

"त्यांना मुलगी आहे ना पण," मी म्हणाले.

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. काकींनी मनूकडं बघितलं. जणू ती आत्ताच कुणीतरी तिथं आणून उभी केली होती.

"तुम्हीच म्हणालात, ज्या घरात मुलगेच आहेत त्या घरचं," मी बोलत राहिले. "मला कळेना हे बसत का नाही. इथं दाबलं की तिथं. मध्य धरला की कडा जातात. मी इतकी वर्षं करतेय हे, कापड असं वागत नाही. ज्या घरात मुलगी, तिथला तुकडा आत आला की गोधडी फुगते. त्याच्यापायी बाकीचे बसत नाहीत."

माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि किळस येत होती. मनू तिथं उभी होती. चार वर्षांची, सगळं ऐकणारी.

काकींनी आईकडं बघितलं. आईचे हात पाठीमागंच होते.

"मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं, काकी," आई शांतपणे म्हणाली. "पण मला दोन मुलीच. माझं बोलणं कोण धरणार, म्हणून गप्प बसले."

मी आयुष्यात आईला इतकं सहज खोटं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

काकी बराच वेळ त्या झबल्यावर तळवा ठेवून उभ्या होत्या. तळव्याखाली ते वर आलेलंच होतं. तीस वर्षं जपलेलं. मला क्षणभर वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ दे, माझ्या लेकाचं आहे ते, राहू दे. त्या म्हणाल्या असत्या तर माझ्याजवळ पुढं काही नव्हतं.

"काढून टाका," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की मधला तुकडा काढायचा म्हणजे त्याच्यावर जोडलेल्या सगळ्या ओळी उसवायच्या, पदर मुळापासून परत लावायचा. आणि मध्यावर घालायचं कापड असं हवं, ज्या घरात मुलगी नाही, त्या मुलांच्या बापाला बहीण नाही, घरात परत आलेली लेकसुद्धा नाही. मी एकेक अट घालत गेले. काकी बोटांवर घरं मोजू लागल्या. कुलकर्ण्यांकडं दोन मुलगे, पण आत्या आहे. सराफांचे तिघे, पण थोरल्याला गेल्या महिन्यात मुलगी झाली. त्या एकेक बोट मिटत गेल्या. मूठ झाली, तरी त्यांना घर सापडेना.

मी उसवणी घेतली आणि झबलं मोकळं केलं. काकींनी ते चिमटीत धरलं, कुठं ठेवावं कळेना तसं इकडंतिकडं बघितलं, आणि मनूच्या हातात दिलं.

"घे. बाहुलीला घाल."

मनूनं ते दोन्ही हातांनी घेतलं. गालाला लावून बघितलं, मऊ होतं. मग तिनं ते उलगडलं आणि आपल्या आईला दाखवलं, बाह्या केवढ्याशा होत्या ते.

काकी चपला घालायला बाहेर गेल्या तेव्हा वृषाली चौकटीजवळ आली. मला वाटलं, ती हात धरेल, रडेल, काहीतरी म्हणेल. तिनं पदराची कड उचलून बोटांत चोळली, आमच्या शेडमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच कारागिरासारखी.

"खालच्या बाजूच्या चार ओळींचं माप वेगळं घेतलंय मी," ती हळू म्हणाली. "ते तुमच्या लक्षात आलं नाही, ताई. तिकडून परत फुगेल."

"नाही आलं," मी म्हणाले.

"नका दुरुस्त करू."

एवढं बोलून ती गेली.

मी दुरुस्त केलं नाही. गुरुवार गेला, पौर्णिमा गेली. सांगितलेली गाडी माघारी पाठवली असं कळलं. काकी गावभर मधला तुकडा शोधत हिंडल्या. दारोदार विचारत होत्या, तुमच्या नणंदा किती, तुमची लेक नांदते ना. बायका त्यांच्यामागं हसायच्या, कुणी त्यांना चहा घेऊ घेऊ म्हणत मुद्दाम तासभर बसवायचं. एका घरून त्यांनी कापड आणलं, तर दुसऱ्या दिवशी कळलं की त्या घरातली एक मुलगी लहानपणीच वारलेली. काकींनी ते परत नेऊन दिलं. तोवर वृषालीचा पाचवा महिना सरून गेला. एवढा वेळ जाऊ दिला तो केवळ यासाठी, की नियम मोडून केलेली गोधडी त्यांना चालणार नव्हती. त्यांची श्रद्धा खरी होती. मला ती खोटी असती तर बरं वाटलं असतं.

माझं बाळंतपण झालं. मुलगी झाली, टोकदार पोटातून. काकी रस्त्यात आईला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ती दोषाची गोधडी हातात होती ना पोरीच्या, त्याचंच झालं. उन्हाळ्यात वृषालीलाही तिच्या माहेरी मुलगी झाली. त्यावरही काकींचं ठरलेलं होतं: गोधडी वेळेत झाली नाही म्हणून. पदर त्यांनी परत मागितला नाही. तो आमच्या शेडमध्ये पिशवीत पडून होता, आणि दार उघडलं की वास यायचा. एक दिवस आईनं पहिल्यांदाच त्याला हात लावला. पिशवीतून काढून, घडी न घालता, तिनं तो पाणी तापवायच्या बंबात कोंबला. त्या दिवशी मी अंघोळ केली नाही. त्या पाण्यानं बाळालाही न्हाऊ घालू देईना म्हटल्यावर आईनं गॅसवर दुसरं पाणी ठेवलं.

इथवर मी हे कुणाला सांगितलं असतं तर जिंकल्याच्या सुरात सांगितलं असतं. वृषालीची धाकटी आता शाळेत जाते. मनूपेक्षा खोडकर आहे म्हणतात.

पण गेल्या आठवड्यात दुपारी आमच्या फ्लॅटची बेल वाजली. आम्ही आता सांगलीला राहतो. खालच्या मजल्यावरची नवी सून होती, बँकेत नोकरीला आहे, बोलायला फार छान. हातात कापडी पिशवी. पिशवीतून आलेला वास मी दार पुरतं उघडायच्या आत ओळखला.

तिच्या जावेला दिवस गेले होते. ती लाजत हसत म्हणाली, खरं तर आमचा काही विश्वास नाही हो, पण मोठ्यांचं मन. मग तिनं शेजारच्या देशमानेवहिनींचा नंबर विचारला, त्यांना दोन मुलगे आहेत म्हणून. माझी लेक झोपेतून उठून आली होती. कपडे गोळा करतायत एवढं तिला कळलं. ती आत पळाली आणि स्वतःचा आखूड झालेला पिवळा फ्रॉक घेऊन आली.

"हा पण घ्या काकू."

खालच्या सुनेनं माझ्या लेकीच्या गालाला हात लावला. "तुझा नको गं, पिल्लू." मग माझ्याकडं वळून, खालच्या आवाजात, जणू माझी माफी मागत, म्हणाली, "मुलीच्या घरचा तुकडा घातला की मध्येच फुगते म्हणे. आमच्या सासूबाईंच्या गावाकडं एका मोठ्या घरात झालं होतं तसं. कितीही केलं तरी बसेना. शेवटी मशीनवाल्या बाईनं ओळखलं."

मी तिला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती मशीनवाली मी, हे सांगितलं. वृषाली, उरेब, गाडी, पलीकडचं गाव. मी खोटं बोलले होते, हे दोनदा सांगितलं. ती पाणी न पिता ऐकत होती. मध्ये एकदा तिचे डोळे भरले. गाडीचं आलं तेव्हा तिनं स्वतःच्या कानांवर हात ठेवले. मला वाटलं, पोचलं.

मी थांबल्यावर पिशवी मांडीवर घेऊन, खरोखर समजून घ्यायचं म्हणून, तिनं विचारलं:

"पण ताई, फुगली तर होतीच ना?"

माझी लेक अजून तो फ्रॉक पुढं धरून उभी होती. हात दुखायला लागले तसा तिनं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.